बाबा आणि न होणारं अपडेट

माझा स्वभाव तापट आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाकुणावर ओरडले ते वाचताना कुणाला धक्का बसायला नको. बाबा म्हणतात, मी आईवर गेले. आई होती तेव्हा ती म्हणायची, बाबांवर. आता आई नाही, त्यामुळे हा वाद बाबांनी एकतर्फी जिंकलाय.

करी रोडला जिथे आमची चाळ होती तिथेच आता बावीस मजल्यांचा टॉवर आहे. त्यात नवव्या मजल्यावर बाबा आणि मी राहतो. बाबा ऐंशीच्या पुढचे. पंचवीसेक वर्षं ते गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात. मी शाळेत असताना गिरणी बंद पडली. नंतर त्यांनी वॉचमनकी केली, छत्र्या दुरुस्त केल्या, एका कापडाच्या दुकानात ठाण उलगडायला उभे राहिले. पण आजही कुणी विचारलं, आजोबा, काय करत होता, तर सांगतात, ‘साच्यावर.’ बाकीची वर्षं जणू दुसऱ्याच कुणाची.

मी पन्नाशीची. लग्न केलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, शेजारणींना वाटतं. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाल्यावर जे भराभर बोलून ठेवतात, ते ऐकून टाईप करायचं, हे माझं काम. पूर्वी दादरला एका ऑफिसात जायचे. ते ऑफिस एक दिवस बंद झालं आणि मी दोन वर्षं घरी बसले. त्या दोन वर्षांत बाबा मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. फक्त दुपारचा चहा त्यांनी सोडला, ‘डॉक्टरांनी नको सांगितलाहा’ म्हणून. कुठल्या डॉक्टरने सांगितलं ते मी विचारलं नाही, कारण आम्ही कुठल्याच डॉक्टरकडे गेलो नव्हतो. मग मला हे घरबसल्या टाईप करायचं काम मिळालं, कंत्राटावर, आणि पहिल्याच दिवशी बाबा दुपारी म्हणाले, ‘बाय गो, चाय टाक जरा.’

ह्या कामावर संकट आलं ते एका सोमवारी, मेलमधून. कंपनीने लिहिलं होतं की प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवर सिस्टिमचं नवं अपडेट टाकून घ्यायचं. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत टाकलं नाही तर लॉगिन बंद. कायम नोकरीवाल्यांचं लॉगिन बंद झालं तर ते परत चालू करतात. आम्हा कंत्राटवाल्यांचं बंद झालं की त्या जागी दुसरं माणूस येतं, हे मला आधीच्या दोघींवरून माहीत होतं. पन्नाशीच्या बाईला तिसऱ्यांदा काम कोण देणार?  बाबांना मात्र मी काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला उगाच घोर कशाला, असा शहाणपणा केला.

माझं काम सकाळी सात ते दुपारी तीन. रात्री अपडेट लावून ठेवायची सोय नाही, कारण कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि बाबा झोपतात तेही हॉलमध्ये. त्या डब्याचा पंखा घरघरायला लागला की ते टक्क जागे. म्हणून सोमवारी तीन वाजता अपडेट लावलं, मशीन आपलं आपण रिस्टार्ट झालं, निळ्या पडद्यावर टक्के मोजायला लागलं आणि मी लालबागला मसाल्याच्या मिरच्या घ्यायला गेले. पाच वाजता येऊन बघते तर पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं, अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही, बदल मागे घेत आहोत. घ्या! दोन तासांचं मुसळ केरात.

मंगळवारी मी कंबर कसली. इंटरनेटवर जे जे उपाय सांगितले होते ते सगळे केले. जागा कमी असेल म्हणून सी ड्राइव्हवरचे भाचरांच्या बारशांचे व्हिडिओ उडवले. अँटिव्हायरस बंद केला. प्रिंटरची वायर काढली, का ते देवाला ठाऊक, पण तसं लिहिलं होतं. सिस्टिममध्येच स्वतःचा बिघाड शोधणारं एक बटण असतं, ते दाबलं. त्याने पंधरा मिनिटं शोधलं आणि सांगितलं की काही बिघाड सापडला नाही. असला वैद्य मेला तर बरा! पुन्हा तीन वाजता अपडेट लावलं आणि मिरच्या कुटायला डंकावर गेले. परत आले तर पुन्हा तेच, बदल मागे घेत आहोत.

‘झाला काय गो?’ बाबांनी विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘मशीन रुसलंय.’

‘गरम होता ता,’ बाबा म्हणाले. ‘म्हातारा झालाहा.’

मी त्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

बुधवारी इंटरनेटवाल्याला फोन करून झाडला. तुझी लाईन तुटते म्हणून माझं अपडेट अडकतं, असं त्याला चांगलं खडसावून सांगितलं. तो बिचारा आला, वायर बदलली, मला स्पीड दाखवला आणि बाबांच्या हातचं पाणी पिऊन गेला. तीन वाजता अपडेट लावलं, बँकेत जाऊन आले, आणि पुन्हा तेच. तेव्हा मात्र मी हात टेकले आणि कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन लावला.

पलीकडची बाई शांत होती. इतकी शांत की माझा पारा अजून चढला. तिने लांबच्या कुठल्या तरी शहरातून माझा कॉम्प्युटर स्वतःच्या ताब्यात घेतला, इकडेतिकडे बाण फिरवला, एक लांबलचक यादी उघडली आणि म्हणाली, ‘मॅम, बीच में पावर कट हो रहा है. आज तीन बजके छह मिनट. कल तीन दस. परसों तीन बारह.’

‘मुंबई में लाइट नहीं जाती,’ मी ठसक्यात सांगितलं.

‘मॅम, मशीन तो बोल रहा है गई.’

बास! मला शत्रू सापडला. मी तडक खाली उतरले आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरींच्या टेबलावर हात आपटला. दुपारी तीन वाजून गेले की नवव्या मजल्याची लाईट कोण काढतो, म्हटलं. पंप चालू करताना काढता का? माझं नुकसान कोण भरून देणार? सेक्रेटरींनी वायरमनला बोलावलं. वायरमन आमच्याच जुन्या चाळीतला, माझ्याहून मोठा, शांतपणे वर आला. त्याने मीटर बघितला, बोर्ड उघडून बघितला, मग आमच्या घड्याळवाल्या ओव्हनकडे बोट दाखवलं. लाईट गेली की त्यावरचे आकडे पुसले जाऊन नुसते शून्य लुकलुकतात. तिथे तर व्यवस्थित वेळ दिसत होती.

‘ताई, घरातली लाईट गेलीच नाय,’ तो म्हणाला. ‘फक्त कॉम्प्युटरचीच गेली.’

एवढं ऐकल्यावर एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी म्हटलं, म्हणजे ते प्लगचं सॉकेट ढिलं झालंय, आणि त्याच्याकडून नवीन सॉकेट बसवून घेतलं. बाबा बाजूला उभे राहून त्याला स्क्रू देत होते.

गुरुवारी तीन वाजता अपडेट लावलं, दार ओढून घेतलं आणि निघाले. लिफ्टपाशी पोचल्यावर लक्षात आलं की मोबाइल टेबलावरच राहिला. परत फिरले, लॅचची किल्ली फिरवून दार उघडलं. बाबा कॉम्प्युटरसमोर उभे होते. त्यांनी हाताची मागची बाजू त्या डब्याला लावून बघितली, जशी आई आमच्या कपाळाला लावायची. मग वाकले, आणि भिंतीवरच्या नव्या कोऱ्या सॉकेटचं बटण अंगठ्याने खाली केलं. पडदा काळा झाला.

‘रव आता गप जरा,’ ते मशीनला म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘बाबा!’ मी अशी ओरडले की समोरच्या घराचं दार उघडलं. ‘काय केलंत हे? रोज तुम्ही बंद करता?’

ते दचकले, पण घाबरले नाहीत. आपण काही चुकलोय असं त्यांना वाटलंच नव्हतं. ‘मशीनीवर माणूस नाय,’ ते म्हणाले, ‘मग मशीन बंद नको?’

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी मी नवीन लागलेली बदली कामगार असल्यासारखं. साचा सोडून कुठे जायचं, अगदी पाण्याला, तरी बंद करून जायचं. त्यांच्या खात्यात एकजण दोन मिनिटं चहाला म्हणून साचा चालू ठेवून गेला. तेवढ्यात त्याच्या साच्यावरचा धोटा, म्हणजे सूत इकडून तिकडे नेणारं ते टोकदार लाकूड, उडाला आणि बाजूच्या माणसाचा डोळा गेला. साचा बंद केला तो बाबांनी. त्या माणसाला उचललं तेही बाबांनी. तेव्हापासून माणूस नसलेलं मशीन चालताना त्यांना बघवत नाही. मी खाली गेले की ते बटण बंद करायचे, आणि लिफ्टचा आवाज आला की परत चालू करून ठेवायचे. येणाऱ्याच्या हातात चालू मशीन द्यायचं, हीही तिथलीच रीत. मला सांगितलं का नाही? त्यात सांगायचं काय, नळ बंद केला तर आपण सांगतो का, असं त्यांचं म्हणणं.

पडद्यावर रोज ठळक लिहून यायचं की कॉम्प्युटर बंद करू नका. पण ते इंग्रजीत, आणि बाबांना इंग्रजी येत नाही. हे सगळं मला तेव्हा सुचायला हवं होतं. मला सुचलं ते भलतंच.

‘तुमची गिरणी कधीच मेली, बाबा! आता तुमच्यामुळे माझी नोकरी जाणार. उद्या सहा वाजता. कळलं?’

बोलले आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलेलं काय परत येतं?  बाबा हळूच म्हणाले, ‘नोकरी जातली? माज्यामुळां?’

 ते जाऊन आपल्या पलंगावर बसले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मी करून ठेवला होता, तो तसाच निवला. माझी मलाच इतकी शरम वाटली की काय सांगू. सोमवारीच खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्या बटणाला बोट लावलं नसतं, हे मला दिसत होतं.

त्यात मशीनने नवीन नाटक सुरू केलं. चार वेळा मध्येच तोडल्यामुळे ते आता चालूच होईना. हेल्पडेस्कच्या त्या शांत बाईने सांगितलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून सगळं दुरुस्त करून अपडेट टाका, सहा-सात तास लागतील, आणि मॅम, प्लीज, पावर मत काटना. माझी एक मैत्रीण भोईवाड्यात राहते. तिच्या लॅपटॉपवर संध्याकाळी पेनड्राइव्ह करून आणला. रात्री लावायचं तर बाबांची झोप मोडणार, म्हणून सकाळीच लावायचं ठरवलं. शुक्रवारच्या फाइलीही द्यायच्याच होत्या, त्या तिच्या घरी बसून तिच्याच लॅपटॉपवर करायची, आणि तेवढ्या दिवसापुरती नऊला सुरू करायची परवानगी मिळवली. म्हणजे शुक्रवारी मी भोईवाड्यात, मशीन करी रोडला, आणि मशीनपाशी बाबा.

सकाळी साडेआठला पेनड्राइव्ह लावला, सुरुवातीची बटणं दाबली. पुढचं ते आपलं आपण करणार होतं. मग मी ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली. भिंतीवरच्या बटणावर लावणार होते, हात जाऊ नये म्हणून. वळले तर बाबा मागे उभे.

‘पट्टी कशाक?’ ते म्हणाले. ‘मी आसंय मां.’

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आंघोळ झालेली, दाढी केलेली, बाहेर जायचा शर्ट घातलेला. पट्टी मी परत ड्रॉवरमध्ये टाकली. एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं: टक्के हळूहळू वाढतील. मध्येच पडदा काळा होईल, घाबरायचं नाही. आपोआप बंद होईल, आपोआप चालू होईल. गरम झालं तरी चालेल. बटणाला हात लावायचा नाही. बाबांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

‘जा तू,’ म्हणाले.

भोईवाड्यात माझं कामात चित्त कसलं लागतंय! अकराला फोन केला, उचलला नाही. साडेअकराला केला, नाही. बारा, साडेबारा, नाही. डोळ्यासमोर नको नको ते यायला लागलं. आता अपडेट गेलं खड्ड्यात, बाबा पडले तर नसतील? समोरच्या घरात फोन केला तर ते सकाळीच गावाला निघालेले. शेवटची फाइल कशीबशी पाठवली, टॅक्सी मिळेना म्हणून अर्धं अंतर धावतच आले आणि दार उघडलं.

बाबा मशीनसमोर उभे होते. दोन्ही हात पाठीमागे, आणि हातांत पिळून घट्ट धरलेला पंचा. पडद्यावर चौसष्ट टक्के.

‘फोन का नाही उचललात?’ मला धाप लागली होती.

‘पाळीवर असताना फोन कसो घेतलंय?’

‘आणि हा पंचा?’

ते जरा ओशाळले. ‘मघाशी काळो झालो पडदो. तुझो कागद होतो खिशात, पण हात आपसूक जाता गो. म्हणून हातांका काम दिलंय.’

टेबलावर कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं ठेवलं होतं. त्यावर पेन्सिलीने ओळीने लिहिलेलं: नऊ चाळीस, बारा टक्के. दहा पंचवीस, एकोणीस. अकरा पाच, काळा. अकरा नऊ, परत आला. मी झाकून ठेवलेला भात तसाच होता. खुर्ची टेबलाखालून बाहेर काढलेलीसुद्धा नव्हती.

‘अहो, निदान बसायचं तरी होतं! गुडघे काय म्हणतील?’

‘साच्यावर कोण बसता काय?’ बाबा म्हणाले. नजर अजून पडद्यावरच.

मी त्यांना बसा बसा म्हणून थकले, तेव्हा मीही त्यांच्या बाजूला उभी राहिले. असे आम्ही दोघं, एक ऐंशीचे नि एक पन्नाशीची, त्या निळ्या पडद्यासमोर उभे. सत्तर झाले. ब्याऐंशी झाले. एक्याण्णववर ते इतका वेळ अडलं की मी त्याला शिव्या घातल्या आणि बाबांनी मला गप्प केलं, ‘मशीनीक वायट बोलू नये.’ मग शंभर झालं, पडदा काळा झाला, बाबांनी पंचा पुन्हा आवळला, आणि पडदा उजळला. पाच वाजून दहा मिनिटांनी मी पासवर्ड टाकला. हिरवी खूण आली, कॉम्प्युटर अपडेट झालाय म्हणून. कंपनीचं लॉगिन उघडलं. सोमवारच्या फाइलींची यादी आत येऊन पडलेली होती, माझ्या नावावर. माझा जीव भांड्यात पडला आणि मला रडूच फुटलं.

‘रवली?’ बाबांनी विचारलं.

‘काय?’

‘नोकरी.’

‘राहिली, बाबा. तुमच्यामुळे राहिली.’

त्यांनी पंचा सोडला. बोटांवर लाल वळ उठले होते. ते बोटं चोळत राहिले.

‘गिरणीत आमका कोणी सांगूकच नाय गो,’ मग ते म्हणाले, ‘किती वाजेपर्यंत उभा रवाचा ता. सांगितला असता तर मी रवलो असतंय.’